खड्डे पाडून मिळणारे सब्सट्रेट मागवावेत का? ऑक्साइड नॅनोकंपोझिट फिल्म करणाऱ्यांसाठी सविस्तर रिव्ह्यू

मागवावेत, पण ऑर्डर देताना काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात, हे माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम इथेच झालं. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच आणि ते कारण काही छोटं नाहीये.

वस्तू अशी आहे. सब्सट्रेट म्हणजे ज्याच्यावर फिल्म वाढवायची तो तळाचा तुकडा. स्ट्रॉन्शियम टायटनेटचा सिंगल क्रिस्टल, ००१ ओरिएंटेशन (क्रिस्टलची कुठली बाजू वर आहे ते सांगणारे आकडे), नायोबियम डोप केलेला, म्हणजे थोडं नायोबियम मिसळलेला, ५ बाय ५ मिलिमीटरचा तुकडा, वरची बाजू पॉलिश केलेली. त्या तुकड्याच्या मधल्या भागात गॅलियमच्या फोकस्ड आयन बीमने, म्हणजे आपण सगळे एफआयबी म्हणतो त्याने, नॅनोमीटर मापाचे खड्डे रांगेत पाडून मिळतात. तुम्ही ड्रॉइंग पाठवायचं, दोन खड्ड्यांमधलं अंतर किती, खोली किती, पट्टा किती बाय किती मायक्रॉनचा, आणि ते लोक कोरून, फोटो काढून तुकडा परत पाठवतात. त्यामुळे हा अर्धा माल आहे आणि अर्धी सर्व्हिस. कंपनीचं नाव लिहीत नाही, खाली जी तक्रार आहे ती असं काम करणाऱ्या कुणाकडूनही होऊ शकते, म्हणून नावापेक्षा काय तपासायचं ते कळणं जास्त कामाचं.

ज्यांनी या फिल्म अजून केल्या नाहीत त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते, नाहीतर खड्डे कशाला हवेत हेच कळणार नाही. नॅनोकंपोझिट म्हणजे नॅनोमीटर मापात दोन पदार्थ शेजारी शेजारी असलेली फिल्म. बिस्मथ फेराइट हा पेरोव्स्काइट, कोबाल्ट फेराइट हा स्पिनेल, म्हणजे दोघांची क्रिस्टल रचना वेगळी. दोन्ही एकत्र करून एकच टार्गेट, म्हणजे लेझर मारायची वडी, दाबायचं, किंवा दोन टार्गेटवर आलटूनपालटून लेझर मारायचा, लेझरने माल उडवून फिल्म बसवायच्या या पद्धतीत, म्हणजे पीएलडीमध्ये, बहुतेक ठिकाणी २४८ नॅनोमीटरचा केआरएफ एक्सायमर असतो, आणि खाली ६०० ते ७०० डिग्रीला तापलेल्या सब्सट्रेटवर तो माल बसू द्यायचा. आता गंमत अशी की हे दोघं एकमेकांत विरघळतच नाहीत. एकाच वेळी येऊन पडले तरी पृष्ठभागावर फिरत फिरत आपापल्या गटात जाऊन बसतात. बिस्मथ फेराइटच्या क्रिस्टलमधल्या एका चौकटीचं (स्यूडोक्यूबिक) माप सुमारे ३.९६ अँगस्ट्रॉम आणि खालच्या स्ट्रॉन्शियम टायटनेटचं ३.९०५, म्हणजे जवळपास जुळतंय, तो निवांत पसरतो. कोबाल्ट फेराइटचं माप ८.३९, त्याचं अर्धं धरलं तरी ४.१९ होतं, सात टक्क्यांचा फरक, शिवाय स्पिनेलला ००१ पृष्ठ उघडं ठेवणं ऊर्जेच्या हिशोबात महाग पडतं, म्हणून तो पसरत नाही, गोळा होतो आणि फिल्म जसजशी जाड होते तसतसा सरळ वर वाढत जातो. शेवटी काय मिळतं तर बिस्मथ फेराइटची चादर आणि तिच्यात खालपासून वरपर्यंत उभे कोबाल्ट फेराइटचे खांब. वरून बघितलं तर प्रत्येक खांबाचं डोकं पिरॅमिडसारखं, कारण स्पिनेलला १११ पृष्ठ सगळ्यात स्वस्त. सब्सट्रेट १११ दिशेचा घेतला तर भूमिका उलट होतात, स्पिनेल चादर बनतो आणि पेरोव्स्काइटचे खांब उभे राहतात. इतकं सगळं कुणीही हात न लावता होतं, मला आजही एसईएमखाली, म्हणजे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली, हे बघताना भारी वाटतं.

२००४ मध्ये सायन्स मासिकात बेरियम टायटनेट आणि कोबाल्ट फेराइटच्या जोडीचं काम आलं तिथून या विषयाला जोर चढला. लोकांना यात रस का, तर चादर फेरोइलेक्ट्रिक आणि खांब मॅग्नेटिक, दोघांची भिंत सामायिक, त्यामुळे चादरीला व्होल्टेज दिलं की ती ताणली जाते आणि तो ताण खांबात उतरून त्याचं मॅग्नेटायझेशन हलवतो. बिस्मथ फेराइट आणि कोबाल्ट फेराइटच्या खांबांत व्होल्टेजने मॅग्नेटायझेशन पलटताना २००५ मध्ये दाखवलं गेलंय. कोबाल्ट फेराइटचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन मोठं आणि निगेटिव्ह, म्हणजे मॅग्नेटायझेशनच्या दिशेत तो आकसतो, आणि खांब उभ्या दिशेत दाबलेला असतो, म्हणून त्याचं मॅग्नेटायझेशन आपोआप उभं राहायला बघतं. मेमरी किंवा लॉजिकसाठी याहून सोयीचं काय हवं.

अडचण एकच, खांब कुठे उगवेल ते आपल्या हातात नसतं. एक इथे, दुसरा ४० नॅनोमीटरवर, तिसरा दीडशेवर, एक जाड एक बारीक. मेमरीमध्ये प्रत्येक खांब एक बिट धरायचा असेल तर तो कुठे आहे हेच माहीत नसताना तिथपर्यंत पोचणार कसं? म्हणून मग गाइड करण्याचे प्रयत्न सुरू झाले. २०१२ मध्ये व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ई-बीम लिथोग्राफीने कोबाल्ट फेराइटचे छोटे छोटे ठिपके आधी करून ठेवले आणि वर नॅनोकंपोझिट वाढवली, खांब त्या ठिपक्यांवर आले. एमआयटीत कॅरोलाइन रॉस यांच्या ग्रुपने २०१४ मध्ये ट्रायब्लॉक पॉलिमरची फिल्म साचा म्हणून वापरून बघितली आणि त्याच सुमारास आयन बीमने सब्सट्रेटमध्येच खड्डे पाडून खांब त्या खड्ड्यांत बसवल्याचं काम छापलं. आपण जो माल मागवतोय तो या शेवटच्या पद्धतीचा.

खड्डा का चालतो ते समजून घेतलं की रिव्ह्यूचा बाकीचा भाग सोपा जातो. सपाट पृष्ठभागावर अणूंचा गट टिकायचा तर तो एका किमान आकाराचा व्हावा लागतो, नाहीतर सुटून जातो. खड्ड्याच्या उतारावर अणू-अणूच्या पायऱ्याच पायऱ्या असतात, तिथे येणारा अणू दोन-तीन बाजूंनी धरला जातो, त्यामुळे पहिला गट तिथेच जमतो. दहा नॅनोमीटर खोल खड्डा म्हणजे साधारण पंचवीस युनिट सेल खोल. एकदा तिथे कोबाल्ट फेराइटचं बीज पडलं की आसपास फिरणारे बाकीचे कोबाल्ट आणि लोह त्याच्याकडे ओढले जातात आणि शेजारी नवीन बीज पडायला माल उरतच नाही. उरत नाही हे मात्र एका ठराविक अंतरापर्यंतच खरं. या एका गोष्टीवर सगळी सर्व्हिस यशस्वी होते किंवा फसते.

आता प्रत्यक्ष माल. पॅकिंग चांगलं, तुकडा जेलवर चिकटवून न देता चार कोपऱ्यांवर अडकवणाऱ्या डबीत आला, हे मला आवडलं, कारण जेलचा चिकटपणा मागे राहिला की तापवताना तो कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही. एएफएमखाली, म्हणजे बारीक सुईने पृष्ठभागाची उंची मोजणाऱ्या मायक्रोस्कोपखाली, बघितलं तर पॉलिश उत्तम, पायऱ्या स्वच्छ, एकेक ०.३९ नॅनोमीटरची, म्हणजे पृष्ठभाग एकाच टर्मिनेशनचा आहे, सगळीकडे वर एकाच प्रकारचा अणुथर. दोन पायऱ्यांमधलं अंतर दोनशे नॅनोमीटरच्या थोडं वर भरलं, यावरून मिसकट, म्हणजे तुकडा क्रिस्टलच्या दिशेपासून जितका तिरका कापलाय तो कोन, सुमारे ०.१ डिग्री निघतो, सर्टिफिकेटवरही तेवढाच लिहिलेला. हे जुळणं छोटी गोष्ट वाटेल पण अनेक सप्लायर नुसतं अर्ध्या डिग्रीपेक्षा कमी असं लिहून मोकळे होतात.

खड्डे वरून गोल, व्यास साधारण ३५-४० नॅनोमीटर, बाजू उतरत्या, वाटीसारख्या. काही जणांना सरळ भिंतींचे खड्डे हवे असतात, मी म्हणेन नको, उतारावर पायऱ्या जास्त मिळतात आणि आपल्याला पायऱ्याच हव्यात. जागा अचूक आहेत. शंभर नॅनोमीटर अंतराच्या पट्ट्यावर फूरियर ट्रान्सफॉर्म, म्हणजे जाळी किती नियमित आहे ते दाखवणारं गणित, काढला तर ठिपके टोकदार आले, कुठे बीम सरकल्याची खूण नाही. इथे नायोबियमचं श्रेय आहे, साधा स्ट्रॉन्शियम टायटनेट इन्सुलेटर असतो, आयन पडत गेले की चार्ज साठतो आणि बीम वाकडा होतो, नायोबियम डोप केलेला तुकडा करंट वाहून नेतो आणि नंतर तोच खालचा इलेक्ट्रोड म्हणूनही कामाला येतो. ऑप्टिकल मापं घ्यायची नसतील तर पारदर्शक सब्सट्रेटवर कोरून द्या म्हणून हट्ट धरू नका.

खोलीबद्दल मात्र पूर्ण समाधान नाही. दहा नॅनोमीटर मागितली होती, पट्ट्याच्या मधे दहा-अकरा मिळाली, कडेच्या दोन-तीन ओळींत सात-आठ. कडेचे खड्डे उथळ राहिले की तिथे बिस्मथ फेराइट आधी पसरून खड्डा बुजवून टाकतो आणि खांब चुकतो. उपाय सोपा आहे, लागणाऱ्या पट्ट्यापेक्षा चारही बाजूंनी थोडा मोठा कोरून घ्यायचा आणि कडा सोडून द्यायच्या. पण हे त्यांनी स्वतःहून सांगायला हवं होतं.

आता फिल्मचं. एकाच तुकड्यावर ६०, ८०, १००, १५०, २०० आणि ३०० नॅनोमीटर अंतराचे वेगवेगळे पट्टे मागवले होते आणि हा सल्ला मी प्रत्येकाला देईन, एकच अंतर कधीच मागवू नका. कारण तुमच्या चेंबरमध्ये, तुमच्या तापमानाला, तुमच्या लेझरच्या रेटला खांब मुळात किती अंतरावर उगवतात ते तुमच्या फिल्मचं स्वतःचं असतं आणि सप्लायरला ते माहीत असणं शक्य नाही. आमच्याकडे कोऱ्या भागात खांब सरासरी शंभरच्या आसपास अंतरावर येतात. मग ८० आणि १०० च्या पट्ट्यांवर काय दिसलं सांगू, अक्षरशः चौकटीत मोजून बसवल्यासारखे खांब, प्रत्येक खड्ड्यात एक, मधे काही नाही, आणि पट्ट्याची कड संपली रे संपली की लगेच शेजारी तोच जुना विस्कळीत पसारा. एकाच फोटोत अर्धा भाग शिस्तीत आणि अर्धा मोकाट, आणि दोन्हीकडे फिल्म तीच, त्याच वेळी वाढलेली.

६० वर गडबड झाली. काही शेजारी खांब एकमेकांना चिकटून लांबुळके झाले आणि काही खड्डे रिकामे राहिले. १५० वर प्रत्येक खड्ड्यात खांब आला पण चार खड्ड्यांच्या मधोमध, जिथे सगळ्यांपासून लांब पडतं, तिथे बारके आगाऊ खांब उगवले. २०० ला ते वाढले आणि ३०० ला तर खड्ड्यांतले खांब सोडले तर मधली सगळी जागा कोऱ्या सब्सट्रेटसारखीच. याचा अर्थ खड्डे खराब होते असा नाही हं, खड्डे सगळे सारखेच होते. अणू जेवढं चालू शकतात त्याच्या पलीकडचा माल खड्डा ओढू शकत नाही, एवढंच. फिल्मला जे स्वतःहून करायचंय त्याच्या जवळपास तुम्ही मागणं ठेवलंत तर ती ऐकते, लांब गेलात तर नाही ऐकत. काही कंपन्या कुठलंही अंतर चालेल अशी जाहिरात करतात, कोरण्याच्या बाबतीत ते खरं आहे, वाढवण्याच्या बाबतीत नाही.

थोडं ताणता येतं पण. तापमान वाढवलं आणि लेझरचा रेट कमी केला की अणूंना फिरायला वेळ मिळतो आणि १५० चा पट्टा बराच सुधारतो, मधले आगाऊ खांब जवळजवळ जातात. फक्त बिस्मथवर लक्ष ठेवा, तो उडून जाणारा गडी आहे, टार्गेटमध्ये दहा टक्के जास्तीचा घातला तरी ७०० डिग्रीच्या पुढे तो टिकवणं अवघड होतं आणि मग एक्स-रेमध्ये आयर्न ऑक्साइडची पीक दिसायला लागते. म्हणजे २०० नॅनोमीटरसाठी नुसतं तापवत बसणं हा काही मार्ग नाही.

फिल्म झाल्यावर एक हिशोब जरूर करा, मी दर वेळी करते. टार्गेटमध्ये कोबाल्ट फेराइट घनफळाने २५ टक्के आहे आणि खड्डे १०० नॅनोमीटरच्या चौकोनी जाळीत आहेत असं धरा. प्रत्येक खांबाच्या वाट्याला १०,००० चौरस नॅनोमीटर जागा, तिचा चौथा हिस्सा २५००, म्हणजे खांबाची बाजू ५० नॅनोमीटर यायला हवी. एसईएममध्ये बाजू ३५ च दिसत असेल तर ३५ चा वर्ग १२२५, म्हणजे अर्धाच माल खांबात पोचलाय. उरलेला अर्धा कुठे गेला? एक तर मधे बारके खांब लपलेत जे एसईएमला नीट दिसत नाहीत, नाहीतर चादरीच्या आत कोबाल्ट फेराइटचे गाडलेले तुकडे आहेत जे वर आलेच नाहीत. वरून फोटो कितीही सुंदर दिसला तरी हा आकडा जुळला नाही तर क्रॉस सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढून टीईएमला (पातळ छेदाच्या आरपार बघणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) पाठवल्याशिवाय पेपरमध्ये फोटो टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ८० च्या पट्ट्यावर आमचा हिशोब जुळला, १०० वर थोडा कमी भरला, १५० वर बराच कमी.

अजून एक बारीक गोष्ट, खांब चौकोनी असतात आणि त्यांच्या बाजू ११० दिशेच्या असतात, म्हणजे सब्सट्रेटच्या कडा १०० च्या असतील तर खांब ४५ डिग्री फिरलेले दिसतात. खड्ड्यांची जाळी कशीही फिरवलीत तरी खांबाच्या बाजू क्रिस्टल ठरवतो, खड्डा फक्त जागा ठरवतो. त्यामुळे जाळी कुठल्या दिशेने हवी ते फॉर्ममध्ये क्रिस्टलच्या कडेच्या संदर्भाने लिहा. कमी अंतराच्या जाळीत याने फरक पडतो, १०० च्या दिशेने जाळी असेल तर शेजारच्या खांबांची टोकं समोरासमोर येतात, ११० च्या दिशेने असेल तर सपाट बाजू समोरासमोर येतात. आमच्या तुकड्यावर जाळी कडेपासून एखाद-दोन डिग्री फिरलेली आली, चालून गेलं, पण अचूक हवं असेल तर आधी बोलून घ्या.

आता तो कापलेला स्टार. कोरून झाल्यावर कंपनी पुरावा म्हणून प्रत्येक पट्ट्याचे एसईएम फोटो पाठवते, छान फोटो असतात, पाहून विश्वास बसतो. पण फोटो काढताना इलेक्ट्रॉन बीम जिथे फिरतो तिथे चेंबरमधला कार्बन पृष्ठभागावर चिकटून पातळ थर बनतो. आमच्या पहिल्या लॉटमध्ये फिल्म वाढवल्यावर १०० च्या पट्ट्यात मधोमध एक आयत दिसला, कडा अगदी सरळ, आणि त्या आयतात खांब वेडेवाकडे, बाहेर मात्र सगळं शिस्तीत. सुरुवातीला आम्ही लेझरला दोष दिला, मग तापमानाला, मग टार्गेटला. शेवटी कंपनीने पाठवलेला फोटो उघडून त्याची चौकट आमच्या फिल्मवर ठेवून बघितली तर तंतोतंत तीच जागा! म्हणजे ज्या जागेचा पुरावा त्यांनी दिला होता नेमकी तीच जागा पुराव्याने खराब केली. वाईट याचं वाटलं की आम्ही कळवल्यावर पहिलं उत्तर असं आलं की ग्राहकाने साफ न करता वापरला असेल. माल वाढवायला तयार म्हणून विकायचा आणि साफसफाई ग्राहकाची म्हणायची हे पटत नाही. नंतर त्यांच्या टेक्निकल माणसाने नीट ऐकून घेतलं, बोलणंही सभ्य होतं, आणि पुढच्या लॉटला फोटो फक्त एका राखीव छोट्या पट्ट्याचाच काढला. हे पहिल्यापासून व्हायला हवं होतं म्हणून स्टार कापला.

कार्बन निघतो तसा, ऑक्सिजन प्लाझ्मा किंवा यूव्ही-ओझोन आणि मग ऑक्सिजनमध्ये तापवलं की जातो. गॅलियम मात्र जास्त चिवट. ३० किलोव्होल्टचे आयन खड्डा पाडतात तेव्हा खड्ड्याच्या तळाला आणि भिंतीला एक पातळ थर अमॉर्फस, म्हणजे क्रिस्टलची रचना मोडलेला, होऊन बसतो आणि त्यात गॅलियम अडकलेला असतो. ज्या पायऱ्यांसाठी एवढा खटाटोप केला त्या पायऱ्याच या थरात विस्कटलेल्या असतात. त्यामुळे कोरून झाल्यावर ॲसिडमध्ये हलकं एच करणं, म्हणजे वरचा थर विरघळवून काढणं, आणि ऑक्सिजनमध्ये ॲनील करणं, म्हणजे तापवून ठेवणं, हे दोन टप्पे झालेच पाहिजेत, खराब झालेला थर चांगल्या क्रिस्टलपेक्षा लवकर विरघळतो हे आपल्या फायद्याचं. आम्ही साफ केलेले आणि न केलेले पट्टे शेजारी शेजारी ठेवून वाढवले. न केलेल्यांत खांब खड्ड्यांत आले पण बरेचसे तिरके, काही दोन डोक्यांचे, साफ केलेल्यांत एकाच दिशेचे. ॲनील जास्त वेळ केलं तर खड्डे स्वतःच उथळ व्हायला लागतात, पृष्ठभाग सपाट व्हायला बघतो ना, म्हणून हजार डिग्रीला तासन्तास ठेवायचा मोह टाळा आणि ॲनीलनंतर एएफएमने खोली पुन्हा मोजा. आता कंपनी एच आणि ॲनील करून देते, ऑर्डरमध्ये वेगळं मागावं लागतं. मागाच. एचसाठी लागणारं बफर्ड एचएफ (हायड्रोफ्लोरिक ॲसिड) हाताळायची सोय आणि ट्रेनिंग लॅबमध्ये नसेल तर स्वतःच हा टप्पा करायला जाऊ नका, ते ॲसिड खेळायचं नाही.

खुणांबद्दल थोडक्यात. शंभर-दोनशे नॅनोमीटर जाड फिल्म वर बसली की पट्टा शोधणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून मायक्रॉनच्या मापाचे खोल बाण आणि क्रॉस कोरून घ्या, पट्ट्यापासून जरा लांब, आणि प्रत्येक पट्ट्याला वेगळी खूण. इथे यांचं काम उत्तम होतं, फिल्मनंतरही ऑप्टिकल मायक्रोस्कोपमध्ये बाण दिसत होते.

एरिया हीच या पद्धतीची खरी मर्यादा आणि ती कंपनीच्या हातात नाही. शंभर नॅनोमीटर अंतराने १० बाय १० मायक्रॉनचा पट्टा म्हणजे १०,००० खड्डे. तेच एक चौरस मिलिमीटर करायला गेलात तर दहा कोटी, आणि एका खड्ड्याला एक मिलिसेकंद धरला तरी नुसतं कोरायला अठ्ठावीस तासांच्या आसपास जातात, तेवढा वेळ बीम जागचा हलू नये ही अपेक्षा ठेवणं कठीण आहे. म्हणून पट्टे छोटेच मिळतात. याचा परिणाम मापनावर होतो आणि हे नवीन मुलांना कुणी आधी सांगत नाही. १०० बाय १०० मायक्रॉनचा पट्टा ५ बाय ५ मिलिमीटरच्या तुकड्याचा अडीच हजारावा भाग असतो, त्यामुळे व्हीएसएममध्ये, म्हणजे अख्ख्या तुकड्याचं मॅग्नेटायझेशन मोजणाऱ्या यंत्रात, जो लूप येतो तो सगळा कोऱ्या भागातल्या विस्कळीत खांबांचा असतो, पट्ट्याचा त्यात पत्ताही लागत नाही. तो लूप काढून हे आमच्या रांगेतल्या खांबांचं मॅग्नेटायझेशन असं लिहू नका. पट्ट्यासाठी एमएफएम, म्हणजे चुंबकी सुईचा मायक्रोस्कोप, वापरा. ८० च्या पट्ट्यावर एमएफएम केलं तेव्हा शेजारशेजारचे खांब आलटूनपालटून वर-खाली दिसले, काळा-पांढरा-काळा, बऱ्याच लांबपर्यंत. चुंबकं जवळ उभी केली की उलट दिशा धरतात हे पुस्तकात असतं, इथे ते जाळीवर मोजता आलं, आणि विस्कळीत भागात हे कधीच इतकं स्वच्छ दिसत नाही कारण तिथे प्रत्येकाचे शेजारी वेगळ्या अंतरावर. नुसत्या या एका मापनासाठीसुद्धा मी हा माल परत मागवेन.

मोठा एरियाच हवा असेल तर ब्लॉक कोपॉलिमरचा, म्हणजे वर सांगितलेल्या पॉलिमरच्या साच्यासारखा, रस्ता बघा, तो अख्खा तुकडा एकदम झाकतो, खुणा आणि कडांनी त्यालाही दिशा देता येते, पण हवी ती जाळी हव्या त्या ठिकाणी अशी मोकळीक तिथे नसते, पॉलिमर जे अंतर देईल ते घ्यायचं. आणि ज्यांना खांबांच्या जागेशी घेणंदेणंच नाही, उदाहरणार्थ वायबीसीओ या सुपरकंडक्टरमध्ये बेरियम झिर्कोनेट घालून क्रिटिकल करंट वाढवणारी मंडळी, त्यांनी या भानगडीत पडूच नये. सुपरकंडक्टरमधले चुंबकी भोवरे, म्हणजे व्होर्टेक्स, अडकवायला खांब हवेत, रांगेत असायलाच हवेत असं काही नाही, साधा चांगला सब्सट्रेट आणि नीट टार्गेट एवढं पुरे.

ऑर्डर फॉर्ममध्ये काय लिहावं ते आता एका दमात सांगते, कॉपी करून ठेवा हवं तर. नायोबियम डोप्ड, एक टर्मिनेशन, मिसकट आकड्यात, किमान चार वेगवेगळी अंतरं एकाच तुकड्यावर आणि ती तुमच्या कोऱ्या फिल्ममधल्या सरासरी अंतराच्या दोन्ही बाजूंना, खोली एएफएमने मोजलेली आणि ती पट्ट्याच्या मधली व कडेची दोन्ही, एसईएम फक्त राखीव पट्ट्यावर, कोरल्यानंतर एच आणि ऑक्सिजन ॲनील, खुणा लांबवर आणि खोल, जाळीची दिशा क्रिस्टलच्या कडेवरून, आणि त्याच तुकड्यावर एक कोरा भाग तुलनेसाठी सोडलेला. ऑर्डर द्यायच्या आधी साध्या सब्सट्रेटवर तुमची फिल्म वाढवून ते सरासरी अंतर मोजून घ्या, हे सगळ्यात आधी.

पुढच्या ऑर्डरला मी चौकोनीऐवजी षटकोनी जाळी मागणार आहे. चौकोनी जाळीत खांब आलटूनपालटून वर-खाली राहू शकतात, षटकोनी जाळीत शेजारचे तीन खांब त्रिकोण करतात आणि तिघांपैकी एकाची पंचाईत होते, ते एमएफएममध्ये कसं दिसतं ते बघायचंय. कंपनीने कोरून देतो म्हणून सांगितलंय, ७०, ८० आणि ९० चे पट्टे, फोटो फक्त राखीव जागेचा. माल आला आणि फिल्म झाली की याच रिव्ह्यूत खाली जोडते.